डिपोज, डिस्पोज आणि डिस्पझेस: कोर्टाच्या इंग्रजीतले घोटाळे पकडायचे कसे

मागच्या महिन्यात एक ज्युनिअर गंगापूर रोडच्या प्लॉटचा ड्राफ्ट तपासायला घेऊन आला. शेड्यूलची, म्हणजे मिळकतीच्या वर्णनाची, पहिलीच ओळ, 'ऑल दॅट पीस अँड पार्सल ऑफ लँड', आणि त्यातला पीस लिहिलेला पी-ई-ए-सी-ई, म्हणजे शांततेचा. प्लॉट विकला का शांतता विकली तेच कळेना. पोरगा म्हणतो, "मॅडम, वर्डनं लाल रेघ नाही मारली हो." कशी मारेल, शब्द तर डिक्शनरीत आहेच, फक्त चुकीच्या जागी येऊन बसलाय.

माझंही शिक्षण मराठी शाळेतलं, लॉ नाशकातच केलं, त्यामुळे कोणाला हसायला म्हणून हे लिहित नाहीये. माझी स्वतःची फजिती आधी सांगते. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी लेखी युक्तिवादात मी लिहून बसले की वादीचा साक्षीदार क्रमांक २ अमुक तारखेला 'डिस्पोज' झाला. लिहायचं होतं 'डिपोज'. जजसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, साक्षीदार निकाली काढलात की काय?" सगळं कोर्ट हसलं, सीबीएसपर्यंत, म्हणजे बसस्टँडपर्यंत, चालत जाताना माझे कान गरम होते. पण त्या प्रश्नातच मला युक्ती सापडली, कारण साहेबांनी इंग्रजी शब्दाचं मराठी करून विचारलं होतं. तेव्हापासून मी तेच करते.

आपला घोळ कानाचा असतो. हे शब्द आपण पुस्तकात वाचायच्या आधी सिनिअरच्या तोंडून, बाररूममध्ये, टायपिस्ट काकांच्या टेबलाशी ऐकलेले असतात, मराठी उच्चारात दोन वेगळे शब्द एकसारखे ऐकू येतात आणि मग हात त्यातला कुठलाही टाईप करतो. आता तर लोक मोबाईलवर बोलून टाईप करतात, त्यात 'सेल डीड' चं कोठडीवालं सेल झालेलं मी पाहिलंय. खालच्या कोर्टात मराठीवर बरंच निभतं, पण घटनेच्या कलम ३४८ प्रमाणे हायकोर्टाची भाषा इंग्रजी, तिकडे फाईल गेली की आपली इंग्रजी उघडी पडते. तर मी कसं तपासते ते क्रमानं सांगते.

पायरी १: शब्दाला मराठीत विचारा

शंका आली की इंग्रजीचं इंग्रजी करत बसू नका. आपण कोर्टात रोज वापरतो तो मराठी शब्द त्या जागी ठेवून बघा. डिपोज म्हणजे साक्ष देणे. डिस्पोज म्हणजे निकाली काढणे, आणि मालमत्तेच्या बाबतीत विल्हेवाट लावणे. डिस्पझेस म्हणजे कब्जा काढून घेणे. इंग्रजीत तिघं भावंडं वाटतात, मराठीत यांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. 'साक्षीदार निकाली निघाला' असं मनात म्हटलं की चूक तिथंच दिसते. आणि हो, प्रकरण निकाली निघालं म्हणताना 'डिस्पोज्ड' च्या पुढे 'ऑफ' लागतो, तो अर्धे लोक खातात.

दुसरी जोडी पंचनाम्याच्या भाषांतरात हमखास येते. सीझ, एस-ई-आय-झेड-ई, म्हणजे जप्त करणे. सीस, सी-ई-ए-एस-ई, म्हणजे थांबणे, संपुष्टात येणे. आपल्या तोंडी दोन्ही 'सीज'. मोटरसायकल मुद्देमाल म्हणून जप्त झाली असं लिहायचं आणि कागदावर मोटरसायकल संपुष्टात आली असं होतं. उलट भाडेकराराची मुदत संपली असं लिहायला जावं तर मुदतच जप्त झालेली असते.

अशाच आणखी काही, भराभर घेते. अ‍ॅडव्हर्स म्हणजे विरुद्ध, 'अ‍ॅडव्हर्स पझेशन' (मालकाविरुद्धचा कब्जा) मधला, ज्याची १२ वर्षांची मुदत लिमिटेशन अ‍ॅक्ट १९६३ च्या अनुच्छेद ६५ मध्ये आहे. आणि डी नसलेला अ‍ॅव्हर्स म्हणजे नाखूष, तो माणूस असतो, कब्जा नाखूष नसतो. प्रॉसिक्यूट म्हणजे खटला चालवणे, पर्सिक्यूट म्हणजे छळ करणे (पक्षकाराला दोन्ही एकच वाटतं, तो भाग वेगळा). अ‍ॅडजॉइन म्हणजे लगत असणे, अ‍ॅडजर्न म्हणजे तारीख पडणे. चतुःसीमा लिहिताना 'अ‍ॅडजर्निंग गट नंबर' असं एकानं लिहिलं होतं, आणि त्या गटाच्या वादात तारखा किती पडल्या ते बघता चूक म्हणवत नव्हती. प्रिस्क्राइब म्हणजे विहित करणे, प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणे, इथे एका अक्षरानं अर्थ बरोब्बर उलटा होतो. अ‍ॅप्राइज, दोन पी नंतर आर-आय, म्हणजे कोर्टाला माहिती देणे. अ‍ॅप्रेज म्हणजे किंमत ठरवणे. कोर्टाची किंमत ठरवायला जाऊ नका.

आता ही युक्ती कुठे फसते तेही सांगून टाकते. जिथे मराठीत बोलताना आपणच दोन गोष्टींना एक शब्द वापरतो तिथे. 'निकाल' हा त्यातला मोठा गुन्हेगार. पक्षकार म्हणतो निकाल लागला, आपणही म्हणतो, पण सिव्हिल प्रोसिजर कोडमध्ये तीन वेगळ्या वस्तू आहेत: डिक्री कलम २(२) मध्ये, जजमेंट २(९) मध्ये, ऑर्डर २(१४) मध्ये. जजमेंट म्हणजे कारणं, डिक्री म्हणजे त्यावरून निघालेला हुकूमनामा. रेग्युलर अपील डिक्रीवर होतं, दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, सुद्धा डिक्रीचीच टाकतो. 'जजमेंट एक्झिक्यूट करा' असं दरखास्तीत लिहिलं की चूक भाषेची राहत नाही, कायद्याची होते. इथे बोलीतला 'निकाल' बाजूला ठेवून न्यायनिर्णय, हुकूमनामा, आदेश हे कागदी शब्द आठवायचे, मग गाडी रुळावर येते.

आणि तो जजमेंट शब्द लिहिताना जी नंतर ई घालायची नाही. आपले कायदे तो ई शिवायच छापतात.

पायरी २: माणसं पक्की करा

लेसर-लेसी, मॉर्गेजर-मॉर्गेजी, डोनर-डोनी, लायसेन्सर-लायसेन्सी. हे सगळे शेवटच्या अक्षरावर उलटतात आणि उलटले की करारच उलटतो. माझ्याकडे अंबडच्या एका गोडाऊनचं प्रकरण आलेलं, करार दुसरीकडून करून आणलेला, त्यात देखभालीच्या कलमात लेसी (भाडेकरू) च्या जागी लेसर (मालक) पडलेलं. सहा पानांत एकाच ठिकाणी. पण पत्रा उडाला त्या पावसाळ्यात भाडेकरूनं तेच पान पुढे केलं, आणि मालक दोन वर्षं समजावत बसला की हो, चूक आहे, टायपिंगची आहे.

नियम सोपा आहे. शेवटी 'ऑर' तो देणारा, शेवटी 'ई' तो घेणारा. पण काय देणारा, ते नीट बघा, सगळी गंमत तिथं आहे. गहाणखतात नवीन पोरं हमखास बँकेला मॉर्गेजर करतात, कारण बँक पैसे देते ना! पण शब्द कर्जाचा नाहीये, शब्द गहाणाचा आहे. गहाण कोण देतं? कर्जदार. म्हणून कर्जदार मॉर्गेजर, बँक मॉर्गेजी. ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट १८८२ चं कलम ५८ एकदा शांतपणे वाचा, परत चुकणार नाही. तसंच कोल्ड स्टोरेजमध्ये शेतकरी माल ठेवतो तेव्हा माल देतो शेतकरी, म्हणून तो बेलर, स्टोरेजवाला बेली, हे कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम १४८. फौजदारीतल्या जामिनाशी, म्हणजे बेलशी, याचा काही संबंध नाही, नुसतं नाव सारखं.

चेकच्या केसेस आपल्याकडे ढिगानं. द्राक्षाचा सीझन संपला की निफाड, दिंडोरीकडचे शेतकरी व्यापाऱ्याचे न वटलेले चेक घेऊन येतात. नोटीस लिहायला बसलात की आधी कागदावर तीन नावं लिहा. चेकवर सही करणारा व्यापारी तो ड्रॉवर. ज्या बँकेवर चेक काढला ती ड्रॉई, म्हणजे व्यापाऱ्याची बँक, शेतकऱ्याची नव्हे. ज्याच्या नावानं चेक आहे तो शेतकरी, पेई. ड्रॉई म्हणजे चेक घेणारा असं समजून शेतकऱ्याला ड्रॉई करणारे मी दहा-बारा तरी पाहिलेत, वरचा 'ई म्हणजे घेणारा' नियम इथे असा दगा देतो. चेक म्हणजे बँकेला दिलेला हुकूम असतो, तो हुकूम घेणारी बँक, असं धरलं की नियम परत जमतो.

त्याच नोटिशीत 'विदिन' आणि 'आफ्टर' यांच्यात गफलत नको. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ आणि १४२ प्रमाणे बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाही दिले तर ते १५ दिवस संपल्यावर एक महिन्याच्या आत कम्प्लेंट. तीनही मुदती वेगळ्या घटनेपासून मोजतात. नोटिशीत 'नोटिशीच्या तारखेपासून' लिहू नका, 'नोटीस मिळाल्यापासून' लिहा.

कम्प्लेंट म्हटलं म्हणून सांगते, प्लेंट आणि कम्प्लेंट वेगळे. दिवाणी दावा दाखल होतो तो प्लेंट, तिथे वादी म्हणजे प्लेंटिफ आणि प्रतिवादी म्हणजे डिफेंडंट. कम्प्लेंट फौजदारीत किंवा ग्राहक आयोगात, तिथे कम्प्लेनंट. अपिलात गेलात की अपेलंट आणि रिस्पॉन्डंट. जुना ड्राफ्ट उघडून त्यावरच नवीन लिहायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, त्यामुळे ग्राहक तक्रारीत मध्येच 'डिफेंडंट' उगवतो. म्हणून ड्राफ्ट सुरू करायच्या आधी वहीच्या कोपऱ्यात नाव आणि त्याचा हुद्दा लिहून ठेवते, पान बंद होईपर्यंत तो कागद कीबोर्डला टेकवलेला असतो.

पायरी ३: जुळी भावंडं

ही अशी की देवनागरीत लिहिली तर फरकच दिसत नाही, म्हणून स्पेलिंगच सांगावं लागतं. मी यांच्यासाठी मराठीतल्या खुणा करून ठेवल्यात.

प्रिन्सिपल. शेवटी पी-ए-एल म्हणजे मुख्य, शेवटी पी-एल-ई म्हणजे तत्त्व. खूण: मुख्य म्हणजे अव्वल, अव्वलचा अ म्हणजे ए. मूळ रक्कम, एजंटचा मालक, प्रिन्सिपल डिस्ट्रिक्ट जज, सगळे ए वाले. अर्जाच्या डोक्यावर पी-एल-ई लिहिलंत तर 'तत्त्व जिल्हा न्यायाधीश' यांच्या कोर्टात अर्ज जातो.

कौन्सेल आणि कौन्सिल. वकील किंवा सल्ला असेल तर एस वाला, सल्ल्याचा स. मंडळ असेल तर सी वाला, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. आणि कॉन्सुल म्हणजे वकिलातीतला अधिकारी, तो आपल्याला क्वचितच लागतो.

स्टेशनरी. मोटार अपघाताच्या क्लेममध्ये हा शब्द आलाच म्हणून समजा. मुंबई-आग्रा हायवेला रात्री उभा असलेला ट्रक, त्याला मागून धडक. उभा ट्रक असेल तर शेवटी ए-आर-वाय. ई-आर-वाय केलंत की तो वह्या-पेनांचा ट्रक झाला. खूण: अचल, अ म्हणजे ए. इन्शुरन्सवाल्या वकिलाला उलटतपासात मजा करायला हे एवढं पुरतं, 'ट्रकमध्ये काय माल होता' पासून सुरू करतात.

बॉर्न. खर्च कोणी सोसायचा ते लिहिताना शेवटी ई पाहिजे, बी-ओ-आर-एन-ई. ई नसेल तर जन्मलेला. 'स्टॅम्प ड्युटी खरेदीदारानं सोसायची' हे वाक्य प्रत्येक करारात असतं आणि निम्म्या करारांत स्टॅम्प ड्युटी जन्माला आलेली असते.

सेल. एस-ए-एल-ई म्हणजे विक्री, एस-ई-एल-एल म्हणजे विकणे. साठेखताच्या डोक्यावर शहरभर 'अ‍ॅग्रीमेंट टू सेल' लिहितात त्यात विक्रीवाला घालतात, पाट्यांवर सुद्धा. 'टू' च्या पुढे क्रियापद येतं, म्हणून तिथे डबल एल वालाच हवा. विक्रीवाला ठेवायचा असेल तर 'टू' काढून 'फॉर' करा. ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टच्या कलम ५४ मध्येही 'कॉन्ट्रॅक्ट फॉर सेल' असंच आहे.

लायसन्स. ब्रिटिश पद्धतीत नाम सी नं आणि क्रियापद एस नं, प्रॅक्टिसचंही तसंच. पण १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ५२ मध्ये नामालाही एस च दिसतो, त्यामुळे यावरून कोणाशी भांडू नका. एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा म्हणजे झालं.

वेव्ह आणि वेव्ह. हक्क सोडणे असेल तर मध्ये आय, डब्ल्यू-ए-आय-व्ही-ई. आय नसेल तर हात हलवणे. साइट म्हणजे जागा एस नं, साइट म्हणजे निवाड्याचा दाखला देणे सी नं. लूज आणि लॉस वाला लूझ: कब्जा गमावला असेल तर एकच ओ, दोन ओ घातले की कब्जा सैल होतो. क्वाएट आणि क्वाइट, पुढे 'एन्जॉयमेंट' असेल तर शांत वाला, ई आधी टी नंतर. इट्स मध्ये वरचा टिंब, म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, असेल तर 'इट इज' असं वाचून बघा, जमलं नाही तर टिंब काढा.

पायरी ४: जिथे शब्द चुकला की हक्कच बदलतो

वरच्या चुकांवर फार तर लोक हसतात. या पायरीतल्या महाग पडतात, म्हणून इथे वेळ द्या.

साठेखत आणि खरेदीखत. ही मराठी इतकी स्वच्छ आहे की इंग्रजीला लाज वाटावी. ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टचं कलम ५४ सांगतं की विक्रीच्या नुसत्या करारानं त्या मिळकतीत हक्क किंवा बोजा निर्माण होत नाही. तरी लोक इंग्रजी दाव्यात 'वादीनं मिळकत परचेस केली' असं लिहितात, हातात नुसतं साठेखत असताना. मग समोरचा विचारतो, खरेदीखत कुठाय? दावा करारपूर्तीचा, आणि लिहिलंय मालकासारखं. 'अ‍ॅग्रीड टू परचेस' लिहा, दोन शब्द जास्त टाईप करायला काय जातं.

लीज आणि लायसन्स. बोलताना दोन्ही 'भाड्यानं दिलं', इथेही मराठी आपल्याला वाचवत नाही. लीजमध्ये मिळकतीत हितसंबंध जातो, लायसन्समध्ये नुसती वापरायची परवानगी. कागदावर नाव काय दिलंय त्यापेक्षा आत काय ठरलंय ते कोर्ट बघतं, हे सुप्रीम कोर्टानं १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर मध्येच सांगितलंय. म्हणून डोक्यावर 'लीव्ह अँड लायसन्स' आणि आत सगळीकडे 'रेंट', 'टेनंट', 'लेसी' असा ड्राफ्ट असेल तर तुम्हीच समोरच्याच्या हातात काठी देताय. लायसन्स फी, लायसेन्सी, हेच शब्द ठेवा. आणि अकरा महिन्यांचा आहे म्हणून रजिस्टर नको, हे महाराष्ट्रात चालत नाही, रेंट कंट्रोल अ‍ॅक्ट १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लेखी पाहिजे आणि रजिस्टरही, आणि ती जबाबदारी मालकाची.

शॅल आणि मे. शाळेत शिकवलेलं 'आय शॅल' विसरा. कायद्यात शॅल म्हणजे करावंच लागेल, मे म्हणजे करता येईल. एका शब्दाची किंमत बघायची तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम १० बघा, आधी करारपूर्ती कोर्टाच्या मर्जीवर होती, म्हणजे 'मे', २०१८ च्या दुरुस्तीनं तिथे 'शॅल' आला. पण शॅल दिसला की पळत सुटायचं असंही नाही. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, दाखल करायची मुदत घ्या, ३० दिवस आणि जास्तीत जास्त ९०. भाषा कडक आहे, तरी साध्या दिवाणी दाव्यात ती मुदत अगदी बंधनकारक नाही असं सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू मध्ये धरलं. कमर्शिअल दाव्यात मात्र १२० दिवसांनंतर दार बंद, तिथे गयावया चालत नाही. तुम्ही स्वतः करार लिहिताना 'मे' लिहून 'करावंच लागेल' अशी अपेक्षा ठेवू नका. 'पैसे परत करू शकेल' असं लिहिलंत तर तो करू शकेल, करणार नाही.

सीट आणि व्हेन्यू. सातपूर-अंबडच्या कारखानदारांच्या करारात लवादाचं कलम असतंच. व्हेन्यू म्हणजे बैठक कुठे बसायची ती जागा, सीट म्हणजे लवादाचं कायदेशीर घर, कुठल्या कोर्टाची देखरेख ते त्यावरून ठरतं. पुण्याच्या कंपनीनं तयार करून पाठवलेल्या करारात पुणे ही सीट असेल आणि तुम्ही 'हो हो, बैठका नाशकात घेऊ' यावर खूश झालात, तर अवॉर्डला, म्हणजे लवादाच्या निर्णयाला, आव्हान द्यायला गाडी पुण्यालाच काढावी लागेल.

व्हॉइड म्हणजे मुळातच रद्दबातल. व्हॉइडेबल म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं म्हटलं तर रद्द, तोवर चालू. फसवून सही घेतली असं म्हणणं असेल तर कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम १९ लागतं आणि ते व्हॉइडेबल म्हणतं.

इंडेम्निटी आणि गॅरंटी यात माणसं मोजा. दोघं असतील तर इंडेम्निटी, तिसरा जामीनदार आला की गॅरंटी. ओरल म्हणजे तोंडी, व्हर्बल म्हणजे शब्दांतलं, मग ते लेखीही असू शकतं, म्हणून तोंडी करारासाठी ओरलच. पर्यायी उपाय उपलब्ध आहे असं लिहिताना 'अल्टरनेटिव्ह', कारण 'अल्टरनेट' म्हणजे एकाआड एक.

आणि हँग्ड. फोटो भिंतीवर लटकवला तर हंग, माणसाला फाशी दिली तर हँग्ड. नाशिकचंच उदाहरण लक्षात ठेवा: २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या, आणि १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. तिघे 'हँग्ड' झाले. फाशीच्या शिक्षेच्या कलमातही, जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) ३५४(५) मध्ये, हाच शब्द होता.

पायरी ५: लॅटिन

लॅटिन शक्यतो वापरूच नका हे माझं मत, पण वापरणारच असाल तर एक्स पार्टे (एकतर्फी) चं 'एक्स पार्टी' करू नका, ते माजी पक्षकार वाटतं. शेवटी टी-ई. इन कॅमेरा म्हणजे बंद खोलीत, शूटिंगचा काही संबंध नाही, एका पक्षकारानं त्या दिवशी नवा शर्ट घालून येऊ का विचारलं होतं. इंटर एलिया म्हणजे इतर गोष्टींबरोबर, इंटर से म्हणजे आपापसात, वाटण्यांच्या दाव्यात भाऊ-भावांतलं सांगायचं तर दुसरा. स्वतःहून दखल घेतली तर सुओ मोटू, शेवटी यू. 'मोटो' इतका रुळलाय की कोणी टोकत नाही, तरी बरोबर ते बरोबर.

यावरून आठवलं, अमेरिकेत कॅलिफोर्नियात २००६ साली एका वकिलाच्या ब्रीफमध्ये 'सुआ स्पाँते', म्हणजे त्यांचं सुओ मोटू, कॉम्प्युटरनं आपोआप बदलून 'सी स्पंज' करून टाकलं होतं आणि ते तसंच कोर्टात गेलं. समुद्रातल्या स्पंजनं दखल घेतली. तेव्हा ऑटोकरेक्टवर भरवसा किती ठेवायचा ते ठरवा.

पायरी ६: कॉम्प्युटरवर आणि मग कागदावर

वर्डमध्ये ऑप्शन्स मधलं प्रूफिंग उघडा. तिथे कॅपिटल अक्षरांतले शब्द तपासू नका अशी खूण आधीपासूनच टिक केलेली असते. आता आपला दाव्याचा मथळा, पक्षकारांची नावं, 'प्रेयर' (कोर्टाकडची मागणी), शेड्यूलचं शीर्षक, सगळं कॅपिटलमध्ये! म्हणजे सगळ्यात ठळक मजकूर कोणी तपासतच नाही. ती टिक काढा. भाषा अमेरिकन असेल तर इंग्लिश इंडिया किंवा यूके करा.

मग कंट्रोल एफ. वरच्या यादीतले तुमचे स्वतःचे चुकीचे शब्द, प्रत्येकाचे सात-आठच असतात, एकेक शोधायचे आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वाचायचे. रिप्लेस ऑल ला हात लावायचा नाही. मी एकदा 'लेसी' चं 'लायसेन्सी' सगळीकडे करायला गेले आणि 'सब-लेसी' वगैरे जिथे मुद्दाम ठेवलं होतं तेही गेलं, परत बसून निस्तरायला एक संध्याकाळ गेली.

प्रिंट काढल्यावर दुसऱ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या, पण जुळ्या भावंडांना कान उपयोगी नाही, ती डोळ्यांनीच बघावी लागतात. मी वाचणाऱ्याला शेवटच्या परिच्छेदापासून वर यायला सांगते, त्यामुळे गोष्ट तुटते आणि शब्द दिसायला लागतात. शेड्यूल सातबाऱ्याच्या शेजारी ठेवून वेगळं वाचायचं, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, आकडा आणि अक्षर दोन्ही. प्रेयर क्लॉज सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश, तिथे 'प्रे' ई नं लिहिलं तर वादी प्रार्थना करायचं सोडून शिकार करतो.

पायरी ७: दाखल झाल्यावर सापडलं तर

दाव्यात किंवा कैफियतीत असेल तर सिव्हिल प्रोसिजर कोडच्या ऑर्डर ६ रूल १७ खाली दुरुस्ती अर्ज. लवकर द्या, पुरावा सुरू झाल्यावर 'काळजी घेऊनही आधी लक्षात आलं नसतं' हे दाखवावं लागतं, आणि स्पेलिंगच्या बाबतीत ते सांगताना तोंड लहान होतं. कोर्टाच्या जजमेंट, डिक्री किंवा आदेशात लेखनाची किंवा आकड्याची चूक असेल तर त्याच कोडचं कलम १५२, ती कधीही दुरुस्त होते. पण 'लेखनाची चूक' या नावाखाली निकालच बदलून मागू नका, तिथे अर्ज फेटाळला जातो.

रजिस्टर झालेल्या दस्तात असेल तर दोन्ही बाजू तयार असताना चूक दुरुस्ती लेख करून तोही रजिस्टर करायचा. त्यात मूळ दस्ताचा नंबर, तारीख, पान, ओळ, आधी काय लिहिलंय आणि त्याऐवजी काय वाचायचं, असं दोन्ही जसंच्या तसं लिहायचं, नुसतं 'चूक दुरुस्त केली' चालत नाही. समोरचा सही द्यायला तयार नसेल तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम २६, म्हणजे आता त्यासाठी दावा. अंबडच्या त्या गोडाऊनवाल्यांचं इथपर्यंत गेलं नाही, भाडेकरूला मुदतवाढ हवी होती, मालकानं सांगितलं आधी दुरुस्ती लेखावर सही, मग पुढची तीन वर्षं. त्या लेखाचा ड्राफ्ट मी केला, आणि त्यात लेसर कुठे, लेसी कुठे, हे टायपिस्ट काकांकडून दोनदा आणि माझ्या दहावीतल्या मुलीकडून एकदा वाचून घेतलं.